बुबुळात रक्त नसतं

सरकारच्या वहीत आंधळा म्हणजे म्हातारा माणूस. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि तेव्हापासून हिशेब मांडला गेला तो मुख्यतः मोतीबिंदूचा. इतकी शिबिरं, इतकी ऑपरेशनं, इतके काळे चष्मे. म्हातारी बसमधून येते, डोळ्यावर पट्टी बांधून परत जाते, पुढाऱ्याचा फोटो छापून येतो. आमच्या आज्या याच शिबिरांतून पुन्हा पाहायला लागल्या, म्हणून शिबिराला शिवी द्यायची नाही. शिवी द्यायची ती त्या वहीला. त्या वहीत वीस वर्षांच्या पोराच्या डोळ्याला रकानाच नाही.

२०१५ ते २०१९ या काळात देशात अंधत्वाची सरकारी पाहणी झाली. तिच्यातच लिहिलंय की पन्नाशीच्या आतल्या आंधळ्यांमध्ये सगळ्यांत मोठं कारण मोतीबिंदू नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा खराब होणं हे आहे. शंभरातले सदतीस-अडतीस त्यानं आंधळे. म्हणजे ज्या वयात माणूस शिकतो, हमाली करतो, लग्न करतो, मोर्चात चालतो, त्या वयाचं आंधळेपण वेगळं आहे आणि आपण मात्र मोतीबिंदूचे आकडे ऐकून टाळ्या वाजवतोय.

या पडद्याचे हाल अनेक तऱ्हेनं होतात. तुरीचं खुंट लागतं, कापूस वेचताना बोंडाचं टोक लागतं, जखम चिघळते आणि फूल पडतं. फूल सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते बाहेरून दिसतं. मी इथं लिहितोय त्याच पडद्याच्या दुसऱ्या दुखण्यावर, जे बाहेरून दिसत नाही आणि म्हणून ज्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

पडद्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. मध्यावर त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर. काही पोरापोरींचा हा पडदा बाराव्या, पंधराव्या, अठराव्या वर्षी पातळ व्हायला लागतो. डोळ्याच्या आतला दाब त्याला पुढं ढकलतो आणि घुमटासारखा असलेला पडदा शंकूसारखा टोकदार होतो. नाव केरॅटोकोनस. एका दिव्याचे चार दिवे दिसतात, अक्षराला सावली पडते, समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडाला शेपट्या फुटतात. दुखत नाही. बऱ्याचदा लालही होत नाही. पोरगा म्हणतो दिसत नाही, आणि बाप त्याच्या डोळ्यात बघून म्हणतो, डोळा तर चांगलाच हाय.

आता कुणी म्हणेल, असा रोग आपल्याकडं कितीसा असणार? लाखात पन्नास? अमेरिकेतल्या मिनेसोटाचा १९८६ सालचा आकडा तसाच आहे, लाखात चौपन्न-पंचावन्न, आणि वर्षानुवर्षं डॉक्टरीच्या पुस्तकांत तोच फिरत राहिला. पण २००६ ते २००८ मध्ये नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या आणि जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मिळून विदर्भातल्या आठ खेड्यांत घरोघरची तिशीवरची माणसं तपासली. साडेचार हजारांहून जास्त माणसं. बुबुळाच्या पडद्याची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त भरली तर केरॅटोकोनस धरायचा, असं माप लावलं तेव्हा शंभरात २.३ माणसं निघाली. माप कडक केलं, रेघ ४९ वर नेली, की आकडा ०.६ वर येतो. ५० वर नेली की ०.१ वर. हे मी लपवत नाही, कारण आपला आकडा कुणी फोडायच्या आधी आपणच फोडून बघावा. पण कडकातला कडक आकडा घेतला तरी शंभरात ०.१ म्हणजे लाखात शंभर. पुस्तकातल्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि ही खेडी वर्ध्याच्या शेजारची. तेच ऊन, तीच कापसाची धूळ, तेच मे महिन्यातले चटके. नागपूर जिल्ह्याची वेस ओलांडली की बुबुळं आपोआप जाड होतात काय?

मी गोदीत हमाली करतो, दहावी पास आहे, डॉक्टर नाही. पण माझं आजोळ हिंगणघाट तालुक्यातलं आणि हा रोग मी मामेभावाच्या तोंडावर पाहिलाय. आठवीत त्याला फळा दिसेना. मास्तर म्हणायचे, "काऊन बे, फळ्यावरचं वाचता येत नाही काय तुले? अभ्यास नको, बाकी सगळं पायजे." पोरगं ढ ठरलं. आमच्या पोराला ढ ठरवायला असाही वेळ लागत नाही. आडनाव वाचलं की अर्धं काम झालेलं असतं. मग चष्म्याचं दुकान. दोन वर्षांत तीनदा नंबर बदलला. दर वेळी नवी काच, नवे पैसे. आडवा नंबर, ज्याला सिलिंडर म्हणतात, तो दर खेपेला वाढत गेला आणि दुकानातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हा वाढतोय कशानं. भरतीच्या वेळी डोळ्याच्या तपासणीत त्याला बाहेर काढलं. त्यानंतर कुठं पडद्याचा नकाशा काढणाऱ्या यंत्रापुढं बसवलं तेव्हा कळलं की उजव्या डोळ्याचा शंकू होऊन चुकलाय आणि पडदा ४०० मायक्रॉनच्याही खाली गेलाय. आता तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. गाठ उचलायला नजर लागत नाही, असं मालक म्हणतो.

हा ४०० चा आकडा लक्षात ठेवा. सगळी भानगड त्या आकड्याची आहे.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००३ साली एक इलाज छापून जगापुढं ठेवला. पडद्याची वरची साल खरवडायची. मग अर्धा तास राइबोफ्लेविनचे थेंब टाकायचे. राइबोफ्लेविन म्हणजे जीवनसत्त्व ब-२, जे दुधात, अंड्यात, काळजात असतं. मग अर्धा तास ठरावीक ताकदीचा जांभळ्यापलीकडचा उजेड पाडायचा. त्या उजेडानं पडद्यातले धागे एकमेकांना नवे टाके घालतात, पडदा ताठ होतो आणि फुगणं थांबतं. तीन-चार दिवस डोळा दुखतो. याला क्रॉस-लिंकिंग म्हणतात, आपल्याकडं सी-थ्री-आर. गेलेली नजर त्यानं परत येत नाही. पुढं जाणारी थांबते. पण साधारण रीतीनं करायचं तर पडदा ४०० मायक्रॉन तरी जाड हवा, नाहीतर तो उजेड पडदा ओलांडून आतल्या पेशी जाळतो. म्हणजे वेळेत आलात तर तासाभराचं काम. उशिरा आलात तर माणूस मरायची वाट बघायची, त्याचा पडदा मिळायची, सोळा टाक्यांच्या ऑपरेशनची, आणि पुढं वर्ष-दीड वर्ष हेलपाट्यांची.

नीट बघा, या इलाजात लेझर नाही. दिवा आहे. जीवनसत्त्वाचे थेंब आहेत. आणि नेमका हाच दिवा जाहिरातीत दिसत नाही.

जाहिरातीत लेझर दिसतो. नागपूर, पुणे, मुंबईच्या होर्डिंगवर गोरी पोरगी हसते आणि चष्मा फेकून देते. लेझर म्हणजे काय ते आपणही समजून घेतलं पाहिजे, नाहीतर देवाच्या चमत्कारासारखं त्याच्यापुढं हात जोडत बसू. मद्रास विद्यापीठातून शिकून अमेरिकेत गेलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन या शास्त्रज्ञानं १९८१ साली तिथल्या सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत नेलं आणि एक्सायमर लेझरनं ते न जाळता साफ कापून दाखवलं. उरलंसुरलं आपल्याही वाट्याला पिढ्यान्पिढ्या आलं. त्यातून शास्त्र करायला प्रयोगशाळा लागते, ती आली नाही. त्या कापण्यातून पुढं चष्मा घालवण्याचं ऑपरेशन निघालं. दुसरा लेझर फेमटोसेकंदाचा. सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे केले तर एक फेमटोसेकंद. इतक्या थोड्या वेळात मारलेला झोत पडद्याच्या पोटात, वरची साल न फाडता, हव्या त्या खोलीवर कापतो. ज्या युक्तीनं असे झोत ताकदवान झाले तिला, म्हणजे तिच्या शोधकर्त्यांना, जेरार मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांना, २०१८ चं नोबेल मिळालं.

केरॅटोकोनसच्या माणसाला या लेझरचा उपयोग आहे. पडद्याच्या आत गोल बोगदा पाडून प्लास्टिकची अर्धी कडी सरकवतात. कडीच्या ताणानं शंकू थोडा सपाट होतो. चेन्नईच्या डॉक्टर सूसन जेकब यांनी प्लास्टिकऐवजी दान केलेल्या पडद्याचीच कडी वापरून २०१८ मध्ये ते काम छापलं. पडदा बदलायची वेळ आली तर देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पडदा लेझरनं असा खाचेखाचेत कापता येतो की दोन्ही सुताराच्या सांध्यासारखे बसतात. हे सगळं खरं, आणि चांगलं.

पण त्याच लेझरचा दुसरा धंदा बघा. ज्याचा पडदा मुळातच पातळ आहे, ज्याचा शंकू अजून कुणाला दिसलेला नाही, त्याचा चष्मा घालवायला लेझरनं पडदा आणखी छिलला तर काय होईल? तेच होतं. पडदा फुगतो. थेओ झायलर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९९८ मध्ये हे जगाला सांगितलं, आणि २००३ च्या त्या दिव्याच्या कामातही तोच माणूस आहे. त्याला दोन्ही दिसलं, कारण त्यानं डोळा बघितला, गिऱ्हाईक बघितलं नाही. म्हणून पोरांनो, लग्न ठरलंय, भरती आहे म्हणून कर्ज काढून चष्मा घालवायला जाल, तर आधी विचारा: माझ्या पडद्याची जाडी किती? नकाशा काढला का? कागद दाखवा. कागद नसेल तर उठून या.

म्हणजे यंत्र आहे आणि यंत्र कुठं आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्याला चष्म्याचा कंटाळा आलाय त्याच्यासाठी यंत्र मॉलच्या शेजारी आहे. ज्याची नजर चाललीय त्याला वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटर नागपूर, आणि दर खेपेला दोघांची मजुरी बुडवून. म्हणतील, कडक लेन्स लावा. लावतो. शंकूवर बसणारी कडक लेन्स खरंच चांगलं दाखवते. पण निंदणाला गेलेल्या बाईनं, सिमेंटच्या गोण्या उतरवणाऱ्या माणसानं, ती धुवायची कुठं आणि ठेवायची कुठं? आमच्या गोदीत गोणी फुटली की धुरळा आधी डोळ्यात जातो. म्हणतील, तुम्ही लोक डोळे फार चोळता, म्हणून होतं. डोळे चोळल्यानं पडदा बिघडतो हे खरं आहे, आणि ते मी इथं मोठ्यानं सांगतो: डोळे चोळू नका, पोरांना चोळू देऊ नका, खाज सुटली तर गार पाण्याची पट्टी ठेवा, औषध मागा. पण खाज कशानं सुटते? धुळीनं, उन्हानं, ॲलर्जीनं. धूळ आमच्या वाट्याला ज्यांनी दिली त्यांनी चोळण्याबद्दल आम्हाला शहाणपण शिकवू नये.

आता आपल्याच दोस्तांचं बघू. एक कार्यकर्ता मला म्हणाला, "गावात अत्याचार होतायत आणि तू बुबुळावर लिहितोस?" होय, लिहितो. वीस वर्षांच्या पोराची नजर, थांबवता येत असताना, जाऊ देणं हा अत्याचारच आहे. फक्त त्यात कुणी काठी उचललेली नसते, म्हणून एफआयआर होत नाही. ज्याला फळा दिसला नाही तो शाळेतून गेला, ज्याला पुस्तक दिसलं नाही तो आपल्या मासिकातूनही गेला. "शिका" म्हणायचं आणि अक्षर दिसतं का ते विचारायचं नाही, असं चालणार नाही.

दुसरे म्हणतात, लेझर-बिझर ही श्रीमंतांची थेरं, गरिबाला साधं औषध, साधं जगणं बरं. हा विचार वर्धा जिल्ह्यात नवा नाही. गांधीजींनी १९०९ मध्ये 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टरांवर, इस्पितळांवर आणि यंत्रांवर हल्ला चढवला. १९३६ पासून ते वर्ध्याजवळच्या सेगावात राहिले, तेच पुढं सेवाग्राम झालं. पण १९२४ मध्ये त्यांचं अपेंडिक्स बिघडलं तेव्हा पुण्याच्या ससून इस्पितळात कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं ते कापून काढलं. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन पुरं केलं. जीव वाचला, बरंच झालं. मुद्दा एवढाच की यंत्र नको म्हणणाऱ्यालाही वेळेला यंत्र मिळालं, आणि यंत्र हवं म्हणणाऱ्या आमच्या माणसाला मिळत नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात याच विचाराला उत्तर दिलंय: यंत्र माणसाला कष्टातून मोकळा वेळ देतं; दोष यंत्राचा नाही, ते ज्यांच्या ताब्यात आहे त्या व्यवस्थेचा आहे. लेझरलाही तेच लागू आहे.

आणि सेवाग्रामनं स्वतःच याचं उत्तर दिलंय. तिथं कस्तुरबा इस्पितळ वाढलं, १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. १९८० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी आजूबाजूच्या खेड्यांत एक योजना चालवली: सुगीला घरटी ज्वारी द्यायची आणि वर्षभर इस्पितळात इलाज घ्यायचा. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. भीक नव्हे, वर्गणी. वर्गणी दिलेला माणूस खिडकीशी हात जोडत नाही, पावती दाखवतो. आज त्याच जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. राज्याची इलाजाची योजना २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुल्यांचं नाव दिलं. जोतीरावांचं नाव दारावर लावलंय ना? मग दारातून आत जाऊन विचारायचं: क्रॉस-लिंकिंग कोणत्या इस्पितळात होतं? पडदा बदलणं कुठं होतं? यादी भिंतीवर लावा, मराठीत लावा, मोठ्या अक्षरात लावा. ज्याची नजर अधू आहे त्यालाच ती वाचायचीय.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यांत जास्त आवडते. बुबुळाच्या या पडद्यात रक्त नसतं. एकही रक्तवाहिनी नाही. तो हवेतून प्राणवायू घेतो, म्हणून तर काचेसारखा पारदर्शक राहतो. आणि रक्त नाही म्हणूनच मेलेल्या माणसाचा पडदा जिवंताला बसवताना सहसा रक्तगट जुळवावा लागत नाही. अख्खा देश रक्ताच्या शुद्धतेवर हजारो वर्षं माजला, रक्तावरून लग्नं मोडली, रक्तावरून पोरं मारली, आणि माणूस ज्या जागेतून जग बघतो तिथं रक्ताचा थेंब नाही. पहिला यशस्वी पडदा १९०५ साली बसवला तो कुणाला? एडुआर्ड झिर्म या डॉक्टरनं, आजच्या चेक देशातल्या ओलोमोउत्समध्ये, चुन्यानं डोळे गेलेल्या एका मजुराला. देणारा होता अकरा वर्षांचा मुलगा, ज्याचा डोळा लोखंडाचे कण घुसून निकामी झाला होता. पहिला डोळा मजुराला मिळाला होता, हे लेझरच्या दुकानदारांना सांगा.

म्हणून नेत्रदान हा रोटरीवाल्यांचा हार-तुऱ्याचा कार्यक्रम नव्हे, तो आपला कार्यक्रम आहे. मेल्यावर सहा तासांच्या आत कळवायचं, डोळे मिटून वर ओल्या कापसाची घडी ठेवायची, पंखा बंद करायचा. जाळा किंवा पुरा, त्याआधी पडदा देऊन जा. आपला पडदा उद्या एखाद्या पाटलाच्या पोराला बसेल. बसू द्या. त्याला आपल्या डोळ्यानं गाव बघू द्या.

आता काम. वर्ध्यातल्या, नागपुरातल्या, मुंबईतल्या प्रत्येक शाखेनं हे करायचं.

शाळांची यादी घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, पोरांची तपासणी करतं. पथकाला सांगा: चष्मा लावूनही ज्याला शेवटची ओळ वाचता येत नाही, ज्याचा आडवा नंबर सहा महिन्यांत बदलतो, जो सतत डोळे चोळतो, त्याची चिठ्ठी चष्म्याच्या दुकानाला नाही, पडद्याचा नकाशा काढणाऱ्या इस्पितळाला गेली पाहिजे. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात नकाशाचं यंत्र आणि क्रॉस-लिंकिंगचा दिवा मागा. फेमटोसेकंदाचा लेझर प्रत्येक तालुक्यात मागत नाही आम्ही, तेवढी अक्कल आम्हाला आहे. विभागातल्या एका सरकारी महाविद्यालयात तो असावा आणि जायचं भाडं आणि बुडालेली मजुरी योजनेतून मिळावी. ठेकेदाराकडून गोदीत, जिनिंगमध्ये, खडी केंद्रावर गॉगल घ्या आणि वर्षातून एकदा डोळ्याची तपासणी.

आणि यंत्र येईपर्यंत एक खूण शिकून ठेवा. डॉक्टर म्हणतात, खाली बघ. रोग पुढं गेलेला असेल तर खाली बघताना खालची पापणी मध्यावर टोकासारखी पुढं येते. ही खूण उशिराची आहे, ती दिसली नाही म्हणून डोळा चांगला असं समजू नका. पण दिसली तर त्याच दिवशी निघा. आम्हाला हजारो वर्षं सांगितलं गेलं, खाली बघ. आता एकदा आपल्या पोरांना आपणच सांगू, खाली बघ, मला तुझा डोळा तपासायचाय. आणि मग त्याला मान वर करायला सांगून इस्पितळाच्या दारापर्यंत सोबत जाऊ. एकट्याला पाठवलं तर त्याला परत लावतील. पंचवीस जण गेलो तर खुर्ची देतील.